अनुबोधपटांतून परका देश आपल्याला कितपत कळतो?

गोधडी

सासूबाई आमच्या कोथरूडच्या घरी राहायला आल्या त्याला आता दीड वर्ष झाले. त्यांचे सारे आयुष्य सासवडजवळच्या एका वाडीत गुराढोरांच्या संगतीत गेले, त्यामुळे चौथ्या मजल्यावरची संध्याकाळ त्यांना खायला उठते. मालिकांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. म्हणून एके रात्री मी ‘द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल’ हा २००३ सालचा अनुबोधपट लावला. बयामबासुरेन दावा ही मंगोलियन मुलगी आणि लुइजी फालोर्नी हा इटालियन मुलगा, म्युनिकच्या चित्रपट महाविद्यालयात शिकत असताना या दोघांनी तो मिळून केला. बोलणे मंगोलियन, खाली अक्षरे इंग्रजी आणि सासूबाईंचे शिक्षण मराठी चौथी. तेव्हा प्रत्येक ओळ मराठी करून मोठ्याने वाचण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

गोबीच्या वाळवंटात एका कुटुंबाची उंटीण फार कष्टाने व्याली आहे. पिल्लू पांढरेशुभ्र आहे, पण आई त्याला जवळ येऊ देत नाही. ते आचळाकडे गेले की ती पाय झाडते आणि बाजूला होते. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “पान्हा चोरतीया ती. आमची कपिली अशीच करायची.” मग वाडीत अशा वेळी काय काय करत, हे त्या सांगू लागल्या. वासरू दगावले तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते गायीपुढे उभे करत आणि तिची पाठ खाजवत बसत. मी चित्रपट थांबवला आणि पाच मिनिटे पुरंदर तालुक्याचे निवेदन ऐकले.

पुढे घरातली दोन मुले उंटांवर बसून तालुक्याच्या गावासारख्या एका वस्तीत जातात आणि एका वादकाला बोलावून आणतात. त्याच्याकडे मोरिन खूर नावाचे वाद्य असते. त्याला दोनच तारा असतात, त्याही घोड्याच्या केसांच्या, आणि टोकाला घोड्याचे डोके कोरलेले असते. हा वादक आधी काहीच वाजवत नाही. तो ते वाद्य उंटिणीच्या मदारीला अडकवतो आणि उभा राहतो. वाळवंटातला वारा तारांमधून जातो, वाद्य आपोआप गुणगुणू लागते आणि उंटीण कान टवकारते. मग तो वाद्य खाली घेऊन वाजवू लागतो, घरातली सून उंटिणीच्या अंगावरून हात फिरवत एकच सूर पुन्हा पुन्हा गाते, आणि काही वेळाने त्या जनावराच्या डोळ्यांतून खरोखर पाणी ओघळते. पिल्लू लुचू लागते. एव्हाना सासूबाईंच्या मांडीवरची मेथी तशीच राहिली होती.

उंटिणीची समजूत घालण्याच्या या विधीची नोंद युनेस्कोने २०१५ साली तातडीने जपण्याच्या वारशांच्या यादीत केली, हे मला नंतर कळले. त्या रात्री मात्र मला एवढेच जाणवले की मंगोलिया म्हणजे चेंगीझ खान, या माझ्या शालेय भूगोल-इतिहासापेक्षा सासूबाईंना तो देश दीड तासात अधिक कळला होता, कारण त्यांना तिथले काम ओळखीचे होते.

माझे मत असे बनत चालले आहे की अनुबोधपटातून देश कळतो तो तिथल्या माणसांचे हात काय करतात यावरून, आणि ते पाहायचे असेल तर निवेदकाने शक्यतो गप्प राहावे. वाहिन्यांवर दिसणारे प्रवासपट मला यामुळेच रुचत नाहीत. त्यांत भारदस्त आवाजाचा कोणीतरी ‘जगातील सर्वांत उंच’, ‘सर्वांत एकाकी’, ‘सर्वांत धोकादायक’ असे सांगत राहतो आणि तासाभराने आपल्याजवळ विशेषणे तेवढी उरतात.

एक अडचणही सांगते. त्या तंबूत चार पिढ्या एकत्र राहतात. इंग्रजी अक्षरांत ‘ग्रँडफादर’ आले की सासूबाई विचारत, “आईचा बाप का बापाचा बाप?” ‘अंकल’ म्हटले की काका की मामा, याचा उलगडा झाल्याशिवाय त्या पुढे जाऊ देत नसत. मला उत्तर देता येत नव्हते, मी ठोकून देत होते.

आपण कोणकोणते अनुबोधपट पाहिलेत आणि त्यांतून कोणता देश कसा उलगडला, हे वाचायला आवडेल.

सातेरी

धागा वाचताच ‘हनीलँड’ आठवला. उत्तर मॅसिडोनियातल्या बेकिर्लिया नावाच्या ओसाड गावात म्हाताऱ्या, आंधळ्या होत चाललेल्या आईबरोबर राहणाऱ्या आणि रानातल्या मधमाश्यांवर गुजराण करणाऱ्या एका बाईची ही गोष्ट आहे. तमारा कोटेव्हस्का आणि ल्युबोमिर स्टेफानोव्ह यांनी तीन वर्षे चित्रीकरण केले, सुमारे ४०० तासांचे चित्रण जमा झाले आणि त्यातून दीड तासाचा पट २०१९ साली आला. त्याला ऑस्करची दोन नामांकने मिळाली: एक अनुबोधपट म्हणून आणि एक परभाषी चित्रपट म्हणून. एकाच पटाला ही दोन्ही मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मी स्वतः मधपाळ आहे. गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत प्रशिक्षण घेतले आणि आता मुळशीकडे थोड्या पेट्या ठेवतो, त्यामुळे मी हा पट पाहुण्याच्या नजरेने पाहूच शकलो नाही. ती बाई कड्याच्या अरुंद वाटेने चालत जाते, एक सपाट दगड बाजूला करते आणि आत पोळी लटकलेली असतात. हातात मोजे नाहीत. मध काढताना ती माश्यांना सांगते की अर्धा मला आणि अर्धा तुम्हाला. बघणाऱ्याला हे काव्य वाटेल, पण तो शुद्ध हिशेब आहे. शेजारी येऊन राहिलेले भटके कुटुंब व्यापाऱ्याच्या तगाद्यापायी आपल्या पेट्यांतला मध ओरबाडून घेते, उपाशी पडलेल्या माश्या मग अन्नासाठी दुसऱ्यांच्या वसाहती लुटतात आणि त्यात या बाईच्या माश्या मरतात. हे असेच होते. आमच्याकडे फुलोरा संपल्यावर अशक्त पेटी उघडी टाकली तर दोन तासांत लूट सुरू होते, मग ती पेटी मुळशीत असो की मॅसिडोनियात.

गोधडीताईंच्या मताला एक पुरावा देतो. ती बाई तुर्की बोलते आणि दिग्दर्शकांना ती बोली कळत नव्हती. त्यामुळे सुरुवातीचे संकलन संवादांचा अर्थ न लावता, निव्वळ दृश्यांवरून केले गेले. निवेदक तर नाहीच, संवादही नसले तरी गोष्ट कळली पाहिजे, अशा तऱ्हेने तो बांधला गेला आहे, आणि पाहताना ते जाणवते.

गलाटापूल

मी काही वर्षे तुर्की भाषा शिकले आहे, म्हणून ‘काका की मामा’ या प्रश्नावर लिहिते. सातेरी यांच्या मॅसिडोनियातल्या बाईंच्या भाषेपुरते तरी सासूबाईंचे समाधान करता येईल. तुर्कीत काका म्हणजे ‘अम्जा’ आणि मामा म्हणजे ‘दायी’. आत्या ‘हाला’ आणि मावशी ‘तेय्झे’. म्हणजे नात्यांची वाटणी जवळजवळ मराठीसारखीच आहे. मूळ बोलणाऱ्याने फरक केलेला असतो, ऐकणाऱ्या मराठी माणसाला तो हवा असतो आणि मधले इंग्रजी तेवढे दोघांच्या मध्ये उभे राहून ‘अंकल’ आणि ‘आंट’ म्हणत असते. शिवाय फारसी-अरबीतून दोन्हीकडे पोचलेले शब्द आहेतच: हवा, दुनिया, मैदान, साबण, हिशेब. तुर्कीत ते थोड्या वेगळ्या उच्चाराने, पण ओळखू येतील असेच ऐकू येतात. पुढच्या वेळी सासूबाईंना अक्षरे वाचून दाखवताना मध्ये थोडे थांबा आणि आवाज ऐकू द्या.

मॅसिडोनियात तुर्की बोलणारे लोक कुठून आले, हा प्रश्न हा पट पाहताना अनेकांना पडतो. तो सगळा प्रदेश १९१२ पर्यंत ऑटोमन साम्राज्यात होता. साम्राज्य मागे सरकले तशी माणसे निघून गेली आणि काही राहिली. तो ओसाड गाव त्या राहिलेल्यांपैकी आहे. पटात हे कोणी सांगत नाही, आणि माझी थोडी तक्रार तीच आहे. निवेदकाने गप्प राहावे हे मान्य, पण मग प्रेक्षकाने नकाशा आणि इतिहास उघडून बसायची तयारी ठेवावी. नाहीतर त्या बाई आपल्याला ‘निसर्गाच्या कुशीतल्या’ वाटतात आणि त्यांचा इतिहास गळून पडतो.

स्टॉलचे_तिकीट

मी पंचाहत्तरीचा माणूस आहे आणि अनुबोधपट हा शब्द ऐकला की मला भानुविलासच्या बाहेरचा बटाटेवडा आठवतो. मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा लघुपट दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे होते, आणि तो चालू असेपर्यंत बाहेर उभे राहणे हा आमचा अलिखित नियम होता. १९४८ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेने फार चांगले पटही काढले, हे मला बरेच उशिरा, फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात घेतात त्या रसास्वाद वर्गात कळले. तेव्हा वडा खात जे घालवले त्याची हळहळ वाटते.

त्याच वर्गाने माझा दुसरा भ्रम घालवला. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा १९२२ सालचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ आम्हाला दाखवला. हडसन उपसागराच्या काठावरचे इन्युइट कुटुंब, बर्फाचे घर, वॉलरसची शिकार! मी भारावून गेलो. मग चर्चेत एकेक गोष्ट समोर आली. नॅनूक हे त्या माणसाचे खरे नाव नव्हते, तो अल्लाकारियालाक. त्या काळी ते लोक बंदुकीने शिकार करत, पण फ्लॅहर्टींना भाला हवा होता. आत कॅमेऱ्याला उजेड पुरेना म्हणून बर्फाचे घर अर्धे कापलेले बांधले आणि कुटुंब त्यात झोपण्याचा अभिनय करत कुडकुडले. व्यापाऱ्याच्या दुकानात तो ग्रामोफोनची तबकडी दाताने चावून पाहतो, ते दृश्यही ठरवून घेतलेले होते. आणि खर्च कोणी केला, तर रेव्हियाँ फ्रेअर नावाच्या फरच्या व्यापारी कंपनीने. पुढे १९३४ साली आयर्लंडच्या अरान बेटांवर त्यांनी पट केला, त्यातले कुटुंब तर निरनिराळ्या घरांतली माणसे निवडून जुळवलेले होते आणि त्यातली शार्कची शिकार तिथे कित्येक दशकांपूर्वी बंद पडलेली होती.

आता गोधडी यांना माझा प्रश्न असा की हात काय करतात ते पाहावे हे ठीक, पण तेच हात कोणाच्या सांगण्यावरून हलत असतील तर? बिचारा नॅनूक पुढे उपासमारीने मेला म्हणे.

सातेरी

काका, शेवटच्या वाक्याला थोडी दुरुस्ती. तो उपासमारीने गेला असे फ्लॅहर्टी सांगत असत. तो बहुधा क्षयाने गेला, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ही कथाही त्याच कारखान्यातली.

स्टॉलचे_तिकीट

घ्या! पन्नास वर्षे मी ती जशीच्या तशी सांगत आलो.

दगडीनाला

काकांच्या प्रश्नाला उलट बाजूने भिडतो. परक्याने आपल्याकडे पाहिले की आपल्याला कसे वाटते, हे एकदा आठवावे. फ्रेंच दिग्दर्शक लुई माल १९६८ साली एक छायाचित्रकार आणि एक ध्वनिमुद्रक एवढ्यांना घेऊन भारतभर फिरले. हाती पटकथा नव्हती. त्यातून ‘फँटम इंडिया’ ही सात भागांची मालिका झाली. बीबीसीने ती दाखवल्यावर भारत सरकार इतके संतापले की १९७० साली बीबीसीला दिल्लीतले कार्यालय बंद करावे लागले. गरिबी दाखवली, जाती दाखवल्या, प्रगती दाखवली नाही, अशी तक्रार होती.

मी ती पाहिली तेव्हा पहिल्या भागात मलाही राग आला. तिसऱ्या-चौथ्या भागापर्यंत रागाची जागा अवघडलेपणाने घेतली, कारण माल स्वतःच पुन्हा पुन्हा कबूल करतात की मला हे समजत नाही, आणि लोक कॅमेऱ्याकडे रोखून पाहतात तेव्हा ती दृश्ये ते कापत नाहीत. आपल्याकडे पाहणाऱ्याकडे आपण पाहतो आहोत, असा तो विचित्र प्रकार आहे. इथे निवेदक गप्प नाही, सतत बोलतो, आणि तरीही पट टिकतो. त्यामुळे गोधडी यांचा निवेदकावरचा राग मला सरसकट मान्य नाही. सर्वज्ञ निवेदक नको, इतकेच मी म्हणेन.

याच संदर्भात सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन आणि फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ-दिग्दर्शक जाँ रूश यांच्यातला १९६५ सालचा वाद प्रसिद्ध आहे. तुम्ही आम्हा आफ्रिकनांकडे किड्यांकडे पाहावे तसे पाहता, असे सेंबेन यांनी रूश यांना समोरासमोर सुनावले. गंमत म्हणजे रूश यांनी त्याच्या चार-पाच वर्षे आधी एद्गार मोरँ या समाजशास्त्रज्ञाबरोबर पॅरिसच्या रस्त्यांवर कॅमेरा नेऊन स्वतःच्याच लोकांना ‘तुम्ही सुखी आहात का?’ असे विचारणारा पट केला होता, आणि शेवटी तो त्याच लोकांना दाखवून त्यांची टीकाही त्यात घातली होती. ज्यांचे चित्रण केले त्यांना ते आधी दाखवावे, ही साधी गोष्ट किती जण करतात?

गोधडी

काकांचा प्रश्न मला दोन दिवस छळत होता. ‘वीपिंग कॅमल’मध्येही काही प्रसंग कुटुंबाकडून पुन्हा करवून घेतलेले आहेत, हे मी शोधल्यावर कळले. सासूबाईंना ते सांगितले तर त्या म्हणाल्या, “माणसांना सांगून करता येतं, उंटिणीला कोण सांगणार?” काकांनी यावर काय ते उत्तर द्यावे.

दगडीनाला, निवेदकाविषयीचे माझे म्हणणे मी सौम्य करते. फोरूग फारोखजाद या इराणी कवयित्रीचा ‘द हाउस इज ब्लॅक’ आपल्या लिहिण्यामुळे आठवला. तब्रीझजवळच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १९६२ साली चित्रित केलेला तो पट बावीसेक मिनिटांचा आहे. त्यात त्यांचा आवाज कुराणातली आणि बायबलच्या जुन्या करारातली वचने आणि स्वतःच्या ओळी म्हणत राहतो, आणि पडद्यावर मुले खेळतात, बायका डोळ्यांत काजळ घालतात, पुरुष भिंतीला हात लावत येरझारा घालतात. तो आवाज काढून टाकला तर काय उरेल याची मला कल्पना करवत नाही. त्या वसाहतीतल्या एका मुलाला फारोखजाद यांनी पुढे दत्तक घेतले.

तिसरी_घंटा

‘नॉस्टॅल्जिया फॉर द लाइट’चे नाव अजून कोणी घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. पात्रिसिओ गुझमान यांचा हा २०१० सालचा पट चिलीतल्या आताकामा वाळवंटात घडतो. तिथली हवा इतकी कोरडी आणि आकाश इतके निवळ असते की जगभरचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणी घेऊन तिथे येतात. त्याच कोरडेपणामुळे जमिनीत पुरलेली शरीरेही टिकून राहतात. १९७३ साली पिनोशेच्या लष्कराने सत्ता घेतल्यावर नाहीशा झालेल्या माणसांच्या बायका आणि बहिणी काळामा गावाहून निघून वर्षानुवर्षे त्या वाळूत फावडी घेऊन हाडांचे तुकडे शोधत फिरतात. दोघेही भूतकाळच शोधतात, एक वर पाहून आणि एक खाली पाहून.

त्यातली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. चाकाबुको ही सोऱ्याच्या खाणीची जुनी, सोडून दिलेली वस्ती लष्कराने छळछावणी केली. तिथले काही कैदी रात्री एका जाणत्या कैद्याकडून तारे ओळखायला शिकत. लष्कराने ते वर्ग बंद केले, कारण ताऱ्यांच्या आधाराने कैदी पळून जातील अशी त्यांना धास्ती वाटली. पळून जायला चहूकडे वाळवंटच होते. दुसऱ्या छावण्यांत ठेवलेला एक वास्तुविशारद कैदी दिवसा पावलांनी छावणीची मापे घेई, रात्री कागदावर नकाशा काढी आणि पहाटे तो फाडून टाकी; नकाशा डोक्यात राही. सुटून परदेशी गेल्यावर त्याने आठवणीतून त्या छावण्यांचे आराखडे जसेच्या तसे काढले. पटात तो म्हातारा झाला आहे आणि घरातल्या खोलीत पावले मोजत चालून दाखवतो.

एका महाविद्यालयात आम्ही हा पट लावला होता. शेवटची पंधरा मिनिटे राहिली असताना चहा गार होतो म्हणून आयोजकांनी दिवे लावले. मी अजून त्या चहाला क्षमा केलेली नाही.

स्टॉलचे_तिकीट

गोधडी, उंटिणीच्या मुद्द्यावर मी हरलो. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

जाता जाता एक सांगतो. तुम्ही सर्वांनी ‘अनुबोधपट’ हा शब्द वापरलात, बरे वाटले. ‘माहितीपट’ म्हटले की माहिती मिळावी अशी अपेक्षा होते आणि माणूस पुन्हा वड्याकडे वळतो.

गोधडी

रविवारी ‘हनीलँड’ पाहिला. गलाटापूल यांच्या सांगण्यावरून मी मध्ये मध्ये गप्प राहिले, तर सासूबाईंनी एकदा ‘हवा’ पकडले आणि विजयाने माझ्याकडे पाहिले. त्या बाई मध विकायला स्कोपियेच्या बाजारात जातात आणि केसांचा रंग विकत घेतात, तिथे सासूबाई मनापासून हसल्या. जावळीला माहेर असलेल्या त्यांच्या थोरल्या जाऊबाई सातेरी जातीच्या मधमाश्यांचे पोळे अशाच हातांनी काढत, असेही कळले. हे मला लग्नाला एकवीस वर्षे होऊनही ठाऊक नव्हते. ‘अर्धा मला, अर्धा तुम्हाला’ हे मी वाचेपर्यंत दृश्य पुढे गेले, म्हणून त्यांनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला. दुसऱ्यांदा त्यांनी मला वाचूच दिले नाही.

सातेरी, त्यांचा एक निरोप आहे: मुळशीतल्या पेट्या बघायला येता येईल का, आणि जिना किती आहे?

सातेरी

जिना नाही, बांधावरून पन्नास पावले चालायचे आहे. फुलोरा असताना, सकाळी दहाच्या सुमारास या. त्यांनी पांढरे किंवा फिकट रंगाचे लुगडे नेसावे आणि गजरा माळू नये.